बियांपासून टेंभुर्णी: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

मे महिन्यात गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या आठवडी बाजारांत टेंभरं, म्हणजे टेंभुर्णीची फळं, येतात. बायका टोपलीतून आणतात, फडकं अंथरून वाटे लावतात आणि ऊन चढायच्या आत विकून परत निघतात. फळ पिवळं, गोल, तीन-चार सेंटिमीटरचं, देठाशी वाळका पुष्पकोश चिकटलेला. गर खायचा आणि बिया अंगणाच्या कडेला टाकायच्या, एवढाच बहुतेकांचा त्या बियांशी संबंध. त्या न टाकता लावायच्या कशा, हे इथे पहिल्यापासून सांगतो.

टेंभुर्णी म्हणजेच तेंदू. शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. विडीचं पान याच झाडाचं. मॉलमध्ये पर्सिमॉन म्हणून जे महागडं नारिंगी फळ दिसतं, तेही याच डायोस्पायरॉस प्रजातीतलं, फक्त जात वेगळी. म्हणजे आपल्या पानगळीच्या जंगलात आपलं स्वतःचं पर्सिमॉन उभं आहे आणि आपण त्याच्याकडे फक्त पानासाठी पाहतो. मला याची मनापासून खंत वाटते, म्हणूनच हा लेख.

बियांपासूनच का

जंगलात टेंभुर्णीची झुडपं ढिगानं दिसतात, मग बी कशाला पेरायचं, असं कुणालाही वाटेल. पण ती बहुतेक झुडपं मुळांवरून फुटलेली असतात. एका जुन्या झाडाची मुळं जमिनीखाली लांब पसरतात आणि जागोजागी धुमारे वर येतात. वरून पन्नास झुडपं दिसली, तरी खाली झाड एकच असू शकतं. त्यातच तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी कोवळी, रुंद पानं फुटावीत म्हणून झुडपं जमिनीलगत छाटतात, काही ठिकाणी वणवाही लावतात. दरवर्षी छाटलेलं झुडूप झाड होत नाही आणि झाड झाल्याशिवाय फळ नाही.

दुसरं कारण आणखी पक्कं आहे. टेंभुर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकाच मुळावरचे सगळे धुमारे एकाच लिंगाचे. ते उपटून आणून लावले, तरी नुसते नरच आणले असं होऊ शकतं. शिवाय असे धुमारे जाड आडव्या मुळाला जोडलेले असतात, त्यांना स्वतःची बारीक मुळं फारशी नसतात, त्यामुळे खणून आणलेले बहुधा वाळतात. बियांपासून केलं तर प्रत्येक रोप वेगळं, आणि नर-मादी दोन्ही मिळायची शक्यता चांगली.

बी कुठून आणायचं

सगळ्यात सोपा रस्ता बाजाराचा. एप्रिल-मेमध्ये पूर्ण पिकलेली, दाबल्यावर मऊ लागणारी फळं घ्या. विकणारीला विचारा, झाड कुठलं, फळ गोड कसं असतं. ज्या झाडाची फळं तिच्या घरची पोरं आधी पळवतात, त्या झाडाचं बी आपल्याला हवंय. शक्य झालं तर दोन-तीन वेगवेगळ्या विकणाऱ्यांकडून थोडी थोडी फळं घ्या, म्हणजे बी वेगवेगळ्या झाडांचं मिळेल.

शेताच्या बांधावर किंवा ओळखीच्या माणसाच्या वावरात मादी झाड असेल तर उत्तमच. खाली पडलेली फळं वेचा. मात्र जंगलाला लागून असलेल्या भागात पहाटे अंधारात एकट्यानं झाडाखाली जाऊ नका. अस्वलाला हे फळ अतिशय आवडतं आणि त्याची यायची वेळ तीच असते. उजाडल्यावर, बोलत बोलत, दोघा-तिघांनी जावं. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा अशा संरक्षित क्षेत्रांतून एक फळही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथे ते चालत नाही, आणि ते फळ तिथल्या जनावरांचंच आहे.

झाड ओळखताना थोडी काळजी घ्या. टेंभुर्णीची साल काळपट, लहान लहान चौकोनी खवल्यांत तडकलेली असते. पान जाड, चामट, कोवळं असताना लवदार. ओढ्याकाठी, सदाहरित, गर्द सावलीचं झाड आणि फळ मोठं, तांबूस लव असलेलं दिसलं, तर ती याच प्रजातीतली दुसरी जात. त्या फळाचा चिकट रस पूर्वी होड्यांना आणि जाळ्यांना लावत. आणखी एका जातीची फळं कडू असतात, ती मासे मारायला वापरत. तेव्हा नियम साधा ठेवा. गावातली माणसं जे फळ पिढ्यान्‌पिढ्या आवडीनं खातात, त्याचंच बी घ्या.

मॉलमधल्या पर्सिमॉनच्या बिया पेरायच्या भानगडीत पडू नका. ते हिमाचलकडचं जपानी फळ, थंडीत वाढणारं, कलमांवर घेतलेलं, आणि त्यात बऱ्याचदा बीच नसतं.

बी साफ करणं

फळात दोनपासून सात-आठ बिया निघतात. चपट्या, एका बाजूनं बाक असलेल्या, तांबूस तपकिरी आणि चकचकीत. त्यांच्याभोवती बुळबुळीत गराचं आवरण असतं आणि ते घट्ट चिकटलेलं असतं. तसंच ठेवलं तर दोन दिवसांत बुरशी धरते, मुंग्या लागतात. बिया राखेत किंवा जाड वाळूत घालून दोन्ही हातांनी चोळा, पाण्यानं धुवा, पुन्हा चोळा. बोटाला बुळबुळीतपणा लागेनासा झाला की झालं.

धुतलेल्या बिया बादलीभर पाण्यात टाका. तरंगतात त्या बाजूला काढा. त्यातली एखादी चाकूनं मधोमध कापून बघा. आतला पांढरा गर सुपारीसारखा नागमोडी रेघांचा असतो. तो टणक आणि पांढराशुभ्र असेल तर बी चांगलं. पोकळ, करडा, सुरकुतलेला असेल तर ते लॉट फार भरवशाचं नाही, दुसरीकडून बी बघा.

मग बिया सावलीत फडक्यावर पसरून एक-दोन दिवस सुकवा. उन्हात अजिबात नको. मेमधल्या विदर्भाच्या उन्हात फरशीवर वाळवलेलं बी मरतं. पेरणीला वेळ असेल तर कोरड्या राखेत मिसळून कापडी पिशवीत घरात टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो. पण खरं सांगायचं तर ठेवूच नका. निसर्गात फळ उन्हाळ्याच्या शेवटी पडतं आणि बी त्याच पावसाळ्यात रुजतं. तोच क्रम आपणही पाळावा.

इथे एक इशारा देतो, कारण नवीन लोक इथेच फसतात. पर्सिमॉनचं बी कसं रुजवायचं असं शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले येतात आणि ते सांगतात, बी दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवा. ते त्यांच्या झाडासाठी बरोबर आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातली डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना शरद ऋतूत पिकते, तिचं बी बर्फाखाली हिवाळा काढतं आणि वसंतात रुजतं. आपली टेंभुर्णी मेमध्ये पिकते आणि जूनमध्ये पाऊस येतो. तिला फ्रीज नको. २४ तास साध्या पाण्यात भिजवलं की पुरे, मध्ये एकदा पाणी बदला.

पिशवी की थेट जमीन

टेंभुर्णी आधी खाली वाढते, मग वर. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. बी फुटल्याबरोबर सोटमूळ सरळ खोल जायला लागतं. वर दोन-चार पानं दिसत असतात तेव्हा खाली मूळ हात-दीड हात गेलेलं असतं. त्यामुळे रोपवाटिकेतल्या नेहमीच्या छोट्या पिशव्या या झाडाला चालत नाहीत. मूळ तळाला टेकतं, गोल वळतं, आणि असं वळलेलं मूळ जमिनीत लावल्यावरही सरळ होत नाही.

जिथे झाड हवं तिथेच बी टोकणं ही माझ्या मते सगळ्यात चांगली पद्धत. जागा कायमची ठरलेली असेल, कुंपण असेल आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत तुम्ही पाणी देऊ शकणार असाल तर दुसरा विचार करू नका.

जागा ठरलेली नसेल, किंवा उंदीर-घुशी, रानडुकरांचा त्रास असेल, तर उभट भांड्यात रोप करा. १५ ते १८ इंच खोल पिशवी मिळाली तर ठीक. नाहीतर चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन फुटांचे तुकडे कापा. प्रत्येक तुकडा करवतीनं उभा चिरून दोन फाका करा, त्या पुन्हा जुळवून सुतळीनं तीन ठिकाणी बांधा, बुडाला जाळीचा तुकडा लावा. लावणीच्या वेळी सुतळी कापली की फाका सुटतात आणि मुळाला धक्का न लागता मातीचा खांब बाहेर येतो. एकदा केलेले पाइप वर्षानुवर्षं पुरतात.

भरायला दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको. रासायनिक खताची इथे काही गरज नाही. हे झाड मुरमाड, हलक्या जमिनीत वाढणारं आहे. पाण्याचा निचरा मात्र हवाच.

पेरणी

पिशवीत पेरायचं तर मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, बी ताजं असतानाच. जमिनीत टोकायचं तर दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खोल गेल्यावर. पहिल्याच सरीला पेरून नंतर खंड पडला तर बी फुगून आतच कुजतं किंवा वाळतं.

जमिनीतली पद्धत अशी. पूर्ण ऊन मिळणारी, पाणी न साचणारी जागा निवडा. चिबड काळी जमीन टाळा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या आणि खड्ड्याच्या तळाशी पहारीनं आणखी फूटभर खोल भोक पाडा. ते भोक वाळू-मातीनं सैलसर भरा, मग खड्डा भरा. मुळाला खाली जायची वाट मोकळी करून देणं हाच सगळा उद्देश. माती दाबून बसवा, नाहीतर पावसानं खचून बी खोल जाईल.

प्रत्येक जागी तीन बिया, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. आडव्या ठेवा आणि वर साधारण दोन सेंटिमीटर माती. वरून पालापाचोळ्याचा पातळ थर. खारी आणि उंदीर बी उकरतात, म्हणून वर लोखंडी जाळीचा तुकडा दगडांनी दाबून ठेवा. बी रुजून वर आलं की जाळी काढा. विसरलात तर रोप जाळीत अडकतं.

पिशवीत किंवा पाइपात दोन बिया टाका आणि झारीनं हलकं पाणी द्या. माती ओलसर हवी, चिखल नको. भांडी अर्धवट सावलीत ठेवा, फार मोठ्या झाडाच्या गर्द छायेत नको.

उगवण

आता धीर धरा. उगवण काही आठवड्यांनी सुरू होते आणि एकदम होत नाही. एक आज वर येतं, दुसरं वीस दिवसांनी. सप्टेंबर येईपर्यंत कुठलीही पिशवी रिकामी समजून उलटी करू नका.

रोप वर येताना कोंब आधी बाक घालून मातीतून निघतो, मग सरळ होतो. पुष्कळदा बीचं टणक टरफल त्याच्या डोक्यावर तसंच अडकून राहतं आणि आतली पानं सुटायची धडपड करत असतात. ते बोटानं ओढून काढायचा मोह होतो. ओढलंत तर टरफलाबरोबर बीजपत्रं तुटून येतात, कधी शेंडाही. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ त्यावर पाण्याचे थेंब सोडा, ओला कापूस ठेवा. टरफल मऊ पडतं आणि रोप स्वतःच ते झटकतं. बीजपत्रं तुटलीच, तरी शेंडा शाबूत असेल तर रोप टाकू नका.

कधी पिशवी फाटून मूळ दिसलं आणि ते काळं दिसलं, तर कुजलं असं समजू नका. टेंभुर्णीची, खरं तर पर्सिमॉनच्या साऱ्या भावंडांची, मुळं काळीच असतात. कुजलेलं मूळ मऊ असतं आणि त्याला वास येतो. निरोगी मूळ काळं पण ताठ असतं.

पहिली दोन-तीन वर्षं

पहिल्या पावसाळ्यानंतर रोप वीतभर झालं तरी खूप. शेजारच्या पेरूचं किंवा शेवग्याचं रोप डोक्याएवढं होईल आणि टेंभुर्णी तिथेच दिसेल. नवीन माणूस इथे खचतो, खतं घालतो, दररोज पाणी घालतो आणि रोप मारतो. तसं करू नका. काम जमिनीखाली चाललेलं आहे.

पिशवीतलं रोप पहिल्या वर्षीच, शक्यतो ऑगस्टपर्यंत जमिनीत लावा. जितकं थांबाल तितकं मूळ कोंडतं. पाइपातलं पुढच्या जूनपर्यंत थांबू शकतं. खड्डा वर सांगितला तसाच. लावल्यावर आळं करा.

पाऊस संपल्यावर दहा-पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. माझा आवडता उपाय मडक्याचा. बुडाला बारीक भोक असलेलं जुनं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भोकात चिंधीची वात घाला, आठवड्यातून एकदा भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी सावकाश झिरपतं आणि खोल जातं. आळ्यात पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन हवं, पण ते खोडाला टेकू देऊ नका, वाळवी चढते. वाळवीचा भाग असेल तर खड्डा भरतानाच मातीत ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा.

एप्रिल-मेमध्ये पानं गळतील. कधी शेंडा वाळेल, कधी अख्खं रोप वाळल्या काडीसारखं उभं राहील. उपटू नका. खोडाच्या बुडाशी नखानं किंचित खरवडून बघा. आत हिरवट ओल दिसली तर ते जिवंत आहे. तशी दिसली नाही तरी पुढच्या जुलैपर्यंत जागा राखून ठेवा, कारण मूळ शाबूत असेल तर पावसानं बुडातून नवा फुटवा येतो. तो बहुधा आधीच्यापेक्षा जोमदार असतो. असे एकाहून जास्त फुटवे आले तर सगळ्यात सरळ आणि जाड फुटवा ठेवून बाकीचे काढा. तीन बियांपैकी एकाहून जास्त रोपं जगली असतील तर त्यांचीही निवड याच वेळी, दुसऱ्या पावसाळ्यात करा. नको असलेलं रोप उपटू नका, जमिनीलगत कापा. उपटताना शेजारच्याचं मूळ दुखावतं.

गुरं या पानाला सहसा तोंड लावत नाहीत, पण खुराखाली रोप तुडवलं जातं. म्हणून बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. त्याहून मोठा धोका आगीचा. बांध पेटवायची सवय आपल्याकडे आहेच. मार्चच्या आधी रोपाभोवती दोन मीटरपर्यंत गवत काढून जमीन उघडी ठेवा आणि रान मोठं असेल तर कडेनं जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढा. पानांवर फोडांसारख्या गाठी दिसतील. त्या ट्रायोझा नावाच्या बारीक किडीच्या. विडीच्या पानाला त्या नको असतात, तुमच्या झाडाला त्यांनी मरण येत नाही. फवारणी करत बसू नका, फार गाठी असलेली पानं तेवढी तोडून जाळा.

किती झाडं लावायची

एकटं झाड लावण्यात अर्थ नाही. लिंग फुलं आल्याशिवाय कळत नाही. नर-मादी निम्मे-निम्मे निघतील असं धरलं, तर तीन झाडांत सगळीच एका लिंगाची निघण्याची शक्यता चारात एक. सहा झाडं लावलीत तर ती बत्तीसात एकवर येते. म्हणून निदान सहा जागा धरा, पाच-सहा मीटर अंतरावर. बांधावर ओळीनं लावली तरी चालतात. शहरातल्या छोट्या अंगणात हे झाड लावू नका असंच मी सांगेन. त्यापेक्षा गावच्या वावरात, शाळेच्या आवारात, ग्रामसभेच्या ताब्यातल्या रानात लावा. तिथे जागा आहे आणि खाणारी पोरंही आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एवढंच. तुमच्या परसात तिथलीच व्हर्जिनियाना लावा, टेंभुर्णी नेऊ नका. बी पडल्या फळातून सप्टेंबर ते नोव्हेंबरात घ्या, तसंच धुवा, ओलसर वाळूत मिसळून ३ ते ५ अंश सेल्सिअसवर ६० ते ९० दिवस ठेवा आणि वसंतात खोल कुंडीत पेरा. खोल सोटमूळ, काळी मुळं, वेगळी नर-मादी झाडं, हे सगळं तिथेही तसंच. एक फरक ध्यानात ठेवा. तिथे ६० आणि ९० गुणसूत्रांचे दोन वंश आहेत आणि त्यांचं आपसात नीट फलन होत नाही. म्हणून सगळं बी एकाच परिसरातल्या झाडांचं घ्या.

फुलं आणि फळं

बियांपासून केलेल्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज लागतात, हलक्या कोरड्या जमिनीत त्याहून जास्त. फुलं एप्रिल ते जूनमध्ये, नव्या फुटीबरोबर येतात. नराची फुलं लहान, झुबक्यांत. मादीचं फूल एकेकटं आणि थोडं मोठं. पहिल्या बहरातच झाडाच्या बुंध्याला रंगाचा पट्टा मारून ठेवा, पुढच्या वर्षी आठवत नाही. नर जास्त निघाले तर एक-दोन चांगले राखा. बाकीचे तोडलेच पाहिजेत असं नाही, पान त्यांचंही विकलं जातं.

मादीला धरलेलं फळ त्याच पावसाळ्यात पिकत नाही. ते जवळजवळ वर्षभर झाडावर राहतं आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये पिवळं होतं. हिरवं किंवा अर्धकच्चं तोंडात टाकलं तर तोंडाला मिठी बसते, कारण त्यात टॅनिन भरपूर असतं. रंग आला म्हणून लगेच तोडू नका. हलक्या हातानं ओढल्यावर देठ सुटलं आणि फळ दाबल्यावर बोट किंचित आत गेलं, तरच ते खायचं. खाल्ल्यावर बिया राखेत चोळून शेजाऱ्याला द्या, पेरणीचे दिवस तेव्हा पंधरा-वीस दिवसांवर आलेले असतात.